मराठी ओवीत माउली घडविणारे फादर स्टीफन्स

आज ८ सप्टेंबर, मरियामातेचा जन्मदिवस. गेले नऊ दिवस कोकणच्या आणि कानड्याच्या किनाऱ्यावरील अनेक ख्रिस्तमंदिरांत लहान मुले परड्या भरभरून फुले आणून माउलीच्या चरणी वाहत आली. काही ठिकाणी आजच्या दिवशी नव्या भाताची कणसे आशीर्वादित करून घरोघर नेली जातात आणि नव्या तांदळाचे चार दाणे घरातील सर्वांच्या मुखी लागतात. दारावर नवे बांधण्याची चाल ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्या आमच्या सिंधुदुर्गातील वाचकांस हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. भाद्रपदातले भात, फुलांनी लवलेली तेरड्याची झाडे आणि आईच्या कडेवरचे मूल ही सगळीच आपल्या ओळखीची आहेत.

आईच्या कडेवरचे मूल हेच ह्या उत्सवाचे मुख्य चित्र. मरियामाता आणि तिच्या हातातील बाळ येशू ह्यांची मूर्ती युरोपात हजारो शिल्पकारांनी घडविली. सतराव्या-अठराव्या शतकांत, ज्या काळाच्या कलेला बरोक असे नाव पडले आहे त्या काळात, तर ह्या मूर्तींना जणू बहर आला. इटलीच्या दक्षिणेस सिसिली बेटावर त्रापानी नावाचे बंदर आहे. तेथील मातेच्या प्रसिद्ध मूर्तीच्या लहान प्रतिकृती अ‍ॅलाबास्टर नावाच्या पांढुरक्या दगडातून कोरून यात्रेकरूंस आणि दर्यावर्दींस विकण्याचा मोठा उद्योग तेथे चालत असे. हा दगड मऊ असतो, पातळ कापला तर त्यातून उजेड झिरपतो, आणि मातेच्या गालावर सजीव त्वचेचा भास होतो. परंतु त्यात एक उणीव आहे. पाण्याने तो हळूहळू झिजतो. आमच्या कोकणच्या आषाढ-श्रावणात त्याची मूर्ती उघड्यावर ठेवली, तर थोड्याच वर्षांत तिचे नाकडोळे पुसट होतील.

गोव्याच्या किनाऱ्याला जी माउली लागली ती बहुतांशी लाकडात आणि हस्तिदंतात घडली. लिस्बनहून आणलेल्या नमुन्यावरून येथल्या कारागिरांनी ती कोरली, आणि कोरताना तिच्या डोळ्यांना, केसांना आणि वस्त्रांच्या चुण्यांना आपल्या हाताचे वळण दिले. ख्रिस्ती मूर्तींचे काम हिंदू कारागिरांस देऊ नये, असा ठराव गोव्याच्या धर्मपरिषदेने १५६७ मध्ये केला होता. तशी मनाई पुढेही पुन्हा करावी लागली, ह्यावरूनच ती कितपत पाळली गेली असेल ते समजते.

मात्र आज आम्हांला ज्या पुरुषाचे स्मरण करावयाचे आहे, त्याने हाती छिन्नी कधी धरली नाही. त्याने मातेची आणि बाळाची मूर्ती मराठी ओवीत घडविली. ते म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स ह्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन ह्या खेड्यात झाला. वडील लंडनचे व्यापारी. विंचेस्टरच्या नामांकित विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तो काळ इंग्लंडात राणी एलिझाबेथच्या राजवटीचा. राजसत्तेने रोमच्या धर्मपीठाशी संबंध तोडले होते आणि जुन्या कॅथलिक पंथास चिकटून राहणाऱ्यांवर दंड, तुरुंग आणि प्रसंगी मृत्यू अशी पाळी येत होती. मातेच्या मूर्ती देवळांतून काढून फोडल्या जाण्याचा तो काळ होता. स्टीफन्स ह्यांचे स्नेही थॉमस पाउंड हे दरबारी वैभव सोडून ह्या पंथाच्या निष्ठेपायी कफल्लक झालेले गृहस्थ. लोकांस संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स काही काळ त्यांचा नोकर बनून त्यांच्याबरोबर वावरले. दोघांनी मिळून रोमला जाण्याचे आणि येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले होते. परंतु पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघाचे उमेदवार झाले.

आपल्या श्रद्धेसाठी स्वदेशात ज्याला वेषांतर करावे लागले, तो मनुष्य ती श्रद्धा घेऊन दूरदेशी निघाला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा हिंदुस्थानकडे निघाला, त्यात ते होते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून, वादळे आणि खलाशांच्या हिरड्या सुजविणारा तो जुना दर्यारोग सोसून, त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. पंधरवड्याने त्यांनी वडिलांस एक लांबलचक पत्र लिहून प्रवासाची हकीकत कळविली. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले आणि समुद्रमार्गाने हिंदुस्थान गाठू पाहणाऱ्या इंग्रजांचे कुतूहल त्याने वाढविले. हिंदुस्थानात येऊन कायमचा राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहास त्यांची नोंद करतो. कंपनी सरकारच्या कितीतरी आधी आलेला हा इंग्रज येथे व्यापार करण्यास आला नव्हता, आणि पुन्हा परतलाही नाही.

त्यांचे कार्यक्षेत्र ठरले ते साष्टी. जुवारी नदीच्या दक्षिणेस पसरलेला हा सुपीक मुलूख. तेथे स्टीफन्स पोहोचले तेव्हा तो मुलूख जखमी होता, आणि ती जखम येथे झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवालये पाडली होती. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. कित्येक कुटुंबे आपले कुळदेव घेऊन नद्या ओलांडून निघून गेली. त्यांतील काही तेरेखोलच्या उत्तरेस, आजच्या सिंधुदुर्गाच्या भूमीत स्थिरावली. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी ह्या स्थलांतराची आठवण अद्याप सांगितली जाते. जे मागे राहिले त्यांतील पुष्कळांनी नवा धर्म स्वीकारला. कोणी मनाने, कोणी भयाने, कोणी जमीनजुमल्याच्या काळजीने.

१५८३ च्या जुलैत ह्या साष्टीत रक्त सांडले. कुंकळ्ळी गावात ख्रिस्तमंदिरासाठी जागा पाहण्यास आलेल्या येशूसंघाच्या पाच जणांस आणि त्यांच्या सोबत्यांस गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांचे मुख्य रुडॉल्फ अक्वाविवा हे काही वर्षांपूर्वी अकबर बादशहाच्या दरबारी राहून आले होते. मृतदेह ताब्यात घेऊन त्यांचा दफनविधी करविण्याचे जड काम स्टीफन्स ह्यांच्या वाट्यास आले. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांस बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा घात केला. दोन्ही बाजूंच्या आयांनी आपापली मुले गमावली. मृत बाळास मांडीवर घेऊन बसलेल्या मातेचे चित्र ख्रिस्ती कलेत फार जुने आहे. साष्टीत त्या वर्षी ते पुष्कळ घरांत प्रत्यक्ष दिसले असेल.

ह्या अनुभवानंतर एखादा कठोर झाला असता. स्टीफन्स भाषेकडे वळले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी नमूद केले की, येथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे. सर विल्यम जोन्स ह्यांनी संस्कृत आणि युरोपीय भाषांच्या नात्याचा सिद्धांत मांडला तो १७८६ मध्ये. त्याच्या दोनशे वर्षे आधी साष्टीतील ह्या पाद्र्यास त्या नात्याची चाहूल लागली होती. शेतकऱ्यांची, कोळ्यांची आणि भटाब्राह्मणांची भाषा कान देऊन ऐकल्यावाचून अशी चाहूल लागत नाही.

त्याच सुमारास आणखी एक प्रसंग घडला. खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानकडे आलेले चार इंग्रज, न्यूबेरी, राल्फ फिच, लीड्स आणि स्टोरी, हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात पडले. स्टीफन्स ह्यांनी खटपट करून त्यांची जामिनावर सुटका होण्यास साहाय्य केले. ह्या चौघांपैकी जेम्स स्टोरी हा चित्रकार होता. येशूसंघास चित्रकारांची उणीव भासत होती. म्हणून ख्रिस्तमंदिराचे चित्रकाम करण्यासाठी त्यास ठेवून घेण्यात आले. बाकीचे तिघे पुढे संधी साधून निसटले. गोव्यात रंगाला, लाकडाला आणि हस्तिदंताला किती मागणी होती, हे ह्या लहानशा हकीकतीवरून कळून येते.

परंतु रंग आणि हस्तिदंत पुरेसे नव्हते. देवळात मूर्ती होती, पण तिच्याशी बोलावयास शब्द नव्हते. प्रार्थना लॅटिनमध्ये आणि राज्यकारभार पोर्तुगीजमध्ये. ज्यांच्या घरी पूर्वी संध्याकाळी पुराण लागे, भारत-रामायणाच्या कथा ओवीत गाइल्या जात, त्यांचे जुने ग्रंथ जप्त झाले होते आणि नवे काही हाती आले नव्हते. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी ह्या दुखण्याची कथाच येते. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्री गुरूंकडे येऊन आपली व्यथा सांगतो. पूर्वीची पुराणे गेली, तर त्यांच्या जागी मन रमेल असे दुसरे पुराण आम्हांस का नसावे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. हा प्रश्न साधा दिसतो, पण फार खोल आहे. मनुष्याचा देव एका दिवसात बदलता येईल असे सत्तेस वाटते. त्याचा कान मात्र बदलत नाही. त्याला देवाची गोष्ट आपल्या आईच्या भाषेतच ऐकावयाची असते.

स्टीफन्स ह्यांनी त्या प्रश्नाचे उत्तर देण्यात आयुष्याची उत्तम वर्षे घातली. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील मराठी ओवी त्यांनी आत्मसात केली. एकनाथमहाराज पैठणास देह ठेवून गेले ते १५९९ मध्ये, म्हणजे स्टीफन्स साष्टीत येऊन वीस वर्षे झाली तेव्हा. त्या ओवीत, साष्टीच्या कोकणी शब्दांची फोडणी देऊन, त्यांनी १०,९६२ ओव्यांचे पुराण रचले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या कथा ३६ अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र ५९ अवस्वरांत. परदेशात जन्मलेल्या ह्या कवीने मराठीची जी थोरवी गायिली आहे, तिला रत्नाची, मोगऱ्याची, कस्तुरीची आणि मोराची उपमा देऊन जो गौरव केला आहे, तो शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. म्हणून त्याची येथे पुनरुक्ती करीत नाही.

आजच्या सणाच्या दृष्टीने आम्हांला महत्त्व वाटते ते दुसऱ्या पुराणातील मातेचे. युरोपातील शिल्पकाराने तिला राणी केले होते, मुकुट दिला होता, पायाखाली चंद्रकोर दिली होती. स्टीफन्स ह्यांनी तिला ओवीच्या लयीत बसविले. आणि ओवी म्हणजे जात्यावर बसलेल्या बायकांच्या गळ्यातली लय. देवदूताने दिलेला निरोप, गोठ्यातला जन्म, परदेशी पळून जाण्याची पाळी, क्रूसापाशी उभे राहण्याचे दुःख, ह्या सर्व कथा साष्टीच्या स्त्रीला आपल्या शेजारणीच्या आयुष्यासारख्या ऐकता आल्या. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द वापरण्यास ह्या पाद्र्यास संकोच वाटला नाही. जुन्या शब्दांना त्यांनी नवा अर्थ भरून दिला. शब्द मात्र ओळखीचे राहू दिले. तान्ह्या बाळास घेऊन मुलूख सोडून जाणारी आई ही कल्पना साष्टीच्या लोकांस समजावून सांगण्याची गरजच नव्हती. त्यांच्या आप्तांनी तेच केले होते, आपले देव काखेत घेऊन.

अर्थात, स्टीफन्स हे धर्मप्रसारक होते, आणि जुनी दैवते सोडावी असेच त्यांचे सांगणे होते, हे विसरून चालणार नाही. त्यांना आजच्या अर्थाने सर्वधर्मसमभावाचे पुरस्कर्ते म्हणणे म्हणजे त्यांच्या अंगावर न बसणारा अंगरखा चढविणे होय. परंतु ज्या सत्तेच्या छायेत ते वावरत होते, ती लोकांस जे द्यावयास तयार नव्हती ते त्यांनी दिले. लोकांची भाषा देवाच्या कानास योग्य आहे, हे त्यांनी मान्य केले.

ही मान्यता त्यांनी लिपीपर्यंत नेऊ पाहिली. १६०८ मध्ये रोमच्या आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथल्या भाषेतील पुस्तके येथल्याच लिपीत छापली जावीत, ही आपली अनेक वर्षांची इच्छा कळविली. अडचण खिळ्यांची होती. युरोपीय लिपीस चोवीस अक्षरे पुरतात. आपल्या जोडाक्षरांसाठी आणि काना-मात्रांसाठी सहाशे साचे लागतील, असा हिशेब होता. ती संख्या बरीच कमी करता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. ती इच्छा सफल झाली नाही. १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यात ख्रिस्तपुराण छापून निघाले, ते रोमन लिपीत. मराठीतील हा महाग्रंथ परक्या अक्षरांत जन्मास आला. अलीकडे संगणकावर बोटाच्या टोकाने देवनागरी उमटविताना त्या सहाशे साच्यांची आठवण ठेवावी असे आम्हांस वाटते.

तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स गोव्यात निवर्तले. हिंदुस्थानात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. त्यांची ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूरलाच प्रसिद्ध झाले. ते व्याकरण भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण मानले जाते. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

आणि मग पारडे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या सत्तेच्या मुलुखात हे पुराण छापले गेले, तीच सत्ता त्याच्या भाषेच्या मुळावर उठली. आज त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत ज्ञात नाही. दगड पाण्याने झिजतो, लाकडास वाळवी लागते, आणि कागदास तर राजाज्ञाही पुरते.

तरीही पुराण टिकले. ते टिकले हाताने उतरून काढणाऱ्यांमुळे आणि उपवासाच्या दिवसांत घरोघर व देवळांत ते गाणाऱ्यांमुळे. गोव्यातून दक्षिणेस कानड्यात गेलेल्या कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते सोबत नेली. जसे पूर्वी काहींनी देव नेले, तसे ह्यांनी पुराण नेले. मंगळूर येथे १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा ह्यांनी हस्तलिखिते ताडून ते रोमन लिपीत पुन्हा छापले. लंडनमधील एका संग्रहात देवनागरीत लिहिलेले हस्तलिखितही सापडले. पुण्याच्या शांताराम बंडेलू ह्यांनी १९५६ मध्ये देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. १६०८ च्या पत्रातील इच्छा पुरी होण्यास असा साडेतीनशे वर्षांचा काळ जावा लागला. ती पुरी करणाऱ्याची जात अथवा धर्म कोणी विचारला नाही, हे ह्या ठिकाणी नमूद करण्यासारखे आहे.

ज्या रायतुरात ख्रिस्तपुराण छापले गेले, तेथेच १९९४ मध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उघडले; पुढे ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविण्यात आले. तेथल्या हस्तिदंती आणि लाकडी मूर्ती पाहताना आमच्या भागातील मनुष्यास सावंतवाडीच्या चिताऱ्यांचे रंगकाम आठवल्यावाचून राहणार नाही. मूर्ती परक्या कथेची असो, हात आपला असला की मूर्तीला आपला चेहरा येतो. स्टीफन्स ह्यांचे उलट झाले. त्यांचा हात परका होता, पण त्यांनी भाषा आपली घेतली, आणि माउलीला आपला आवाज आला.

सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ मध्ये झाला आणि सावंतवाडी हे त्याचे पीठ ठरले. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी ह्या भागांतील ख्रिस्ती कुटुंबांत अद्याप कोकणी आणि मालवणी बोलली जाते, मराठी वाचली जाते. गणेशचतुर्थीला एकमेकांच्या घरी मोदक जातात, नाताळला नेवऱ्या येतात. तथापि मुलांच्या तोंडून ह्या भाषा हळूहळू निसटत आहेत. आता हुकूम काढणारा कोणी व्हाइसरॉय नाही. शाळा आपणच निवडतो, घरात कोणत्या भाषेत बोलावयाचे तेही आपणच ठरवितो. म्हणून ती निसटली, तर दोष दुसऱ्या कोणास देता येणार नाही. ही गोष्ट केवळ ख्रिस्ती घरांची नाही. आरती पाठ नसलेल्या, ओवी कधी न ऐकलेल्या हिंदू घरांचीही आहे.

आज संध्याकाळी माउलीपुढे मेणबत्त्या लागतील. फुलांची शेवटची परडी रिती होईल. त्या वेळी घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने मुलांस जवळ बसवून, मातेची आणि बाळाची गोष्ट आपल्या बोलीत सांगावी, एवढीच आमची विनंती आहे. शक्य असेल त्यांनी ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत मिळवून त्यातील जन्मकथेचा एक अवस्वर मोठ्याने वाचावा. ज्याला आपल्या देशात आपल्या मातेचे नाव मोकळेपणाने घेता आले नाही, त्या पुरुषाने ते आपल्या भाषेत घेतले आणि आपल्याला घेऊ दिले. त्याचे ऋण असेच फेडता येईल.